हुरहुरीला इंग्रजीत काय म्हणावे?

परभणीजवळच्या एका गावात मी इंग्रजी शिकवतो. मुलांच्या वह्यांत भावनांसाठी ‘हॅपी’ आणि ‘सॅड’ हे दोनच शब्द आढळतात. वास्तविक अपेक्षाभंग झाला तर ‘डिसअपॉइंटेड’, पुढच्या काळजीने पोटात गोळा आला तर ‘अँक्शस’ आणि घराच्या आठवणीने जीव कासावीस झाला तर ‘होमसिक’ म्हणता येते. कंटाळा आला हे सांगायला ‘आय ॲम बोअर्ड’ऐवजी ‘आय ॲम बोअरिंग’ लिहिणारा तर स्वतःलाच कंटाळवाणा ठरवतो. गंमत अशी, की जुन्या इंग्रजीत ‘सॅड’चा अर्थ ‘तृप्त’ असा होता. परवा पुण्याला शिकायला गेलेल्या भावाविषयी लिहिताना एका मुलीने पेन थांबवून विचारले, “सर, हुरहुर लागायलीय, हे कसं लिहू?” मी फळ्यावर ‘विस्टफुल’ (ओढीने काहीसे उदास) लिहिले, क्षणभर पाहिले आणि पुसून टाकले.