बुकशेल्फ, टप्पा दुसरा: पुढची चौकट आणि कॉर्डलेस नेलर

खोकं आधीच उभं राहिलं होतं, आता त्याला पुढची चौकट लागली. १८ मिमी प्लायच्या उघड्या कडांवर १८ मिमी जाडीच्या सागाच्या पट्ट्या बसल्या आहेत, सगळ्या गोंद आणि ब्रॅडवर, म्हणजे बारीक डोक्याच्या खिळ्यांवर. क्लॅम्प एकही लावला नाही. एका हाताने पट्टी कडेला दाबून धरायची, दुसऱ्या हाताने नेलर, म्हणजे बॅटरीवर खिळे मारणारी गन, टेकवायची, ट्रिगर दाबायचा आणि पुढे सरकायचं. पट्टी गोंदावर घसरायला सुरुवात होण्याआधीच जागेवर पक्की होते.

नेलर घेताना आधी ताकद बघा, असं बहुतेक जण सांगतात. माझा अनुभव वेगळा आहे. फर्निचरच्या कामात जोड धरून ठेवतो तो गोंद. गोंद वाळेपर्यंत पट्टी हलू न देणं एवढंच खिळ्याचं काम. हे एकदा लक्षात घेतलं की गेज, म्हणजे खिळ्याची जाडी, ठरवणं सोपं जातं, आणि माझ्या मते कंपनी ठरवण्याआधी गेज ठरवायला हवं.

गेजचा आकडा वाढला की खिळा बारीक होतो. १५ आणि १६ गेज दाराच्या चौकटी, जाड पट्ट्या, पायऱ्या अशा कामांसाठी. १६ गेजचा खिळा साधारण १.६ मिमी जाड असतो आणि त्याचं भोक भरून काढावंच लागतं. १८ गेजचा ब्रॅड सव्वा मिमीच्या आसपास. त्याला बारीकसं डोकं असतं, त्यामुळे तो पट्टी ओढूनही धरतो आणि भोकही पुटीच्या एका बोटात बुजतं. २३ गेजची पिन सहा दशांश मिमीची, बिनडोक्याची. तिचं भोक शोधावं लागतं, पण गोंदाशिवाय तिच्या भरवशावर जड काही लावू नये. फ्रेमिंग नेलर ही वेगळीच जात आहे, घराचा सांगाडा ठोकायची. कपाटाच्या कामात तिला जागा नाही.

म्हणून पहिली गन १८ गेजची. शेल्फ, खण, फोटोफ्रेम, पाठीची फळी, छोट्या पट्ट्या हे सगळं तिच्यात येतं. बहुतेक मॉडेलमध्ये १५ पासून ५० मिमीपर्यंतचे ब्रॅड चालतात.

आता आतलं यंत्र. कॉर्डलेस नेलर खिळा कसा मारतो, याच्या चार पद्धती आहेत. गॅसवाल्यात छोटी नळकांडी असते, बॅटरी फक्त ठिणगी आणि पंखा सांभाळते. बंद खोलीत वास येतो, नळकांडी सतत विकत घ्यावी लागते आणि अधूनमधून आतली साफसफाई करावी लागते. फ्लायव्हीलमध्ये मोटर एक जड चाक फिरवते, वेग आला की खिळ्याला फटका देणारं पाते त्या चाकाला टेकून पुढे फेकलं जातं. डीवॉल्टच्या बऱ्याच गनमध्ये हीच पद्धत आहे. गनचं नाक, म्हणजे खिळा बाहेर पडतो ते टोक, टेकवलं की चाकाची घूं अशी आवाजाची चढण ऐकू येते आणि मग फटका. तिसरी पद्धत बंद सिलिंडरात दाबून भरलेल्या वायूची: मोटर पिस्टन मागे खेचून ठेवते, ट्रिगर दाबताक्षणी तो सुटतो. मिलवॉकीच्या फ्युएल मालिकेतले ब्रॅड नेलर असे आहेत. फटका तात्काळ आणि झटका हलका. चौथीत, म्हणजे रायोबीच्या एअरस्ट्राइकमध्ये, गनच्या पोटातच छोटा कॉम्प्रेसर असतो.

माझी गन फ्लायव्हीलची आहे. क्षणभराच्या त्या चढणीची हाताला सवय होते. पण दिवसभर शेकडो खिळे मारणाऱ्याला मी तिसऱ्या पद्धतीची, दाबलेल्या वायूची गन घ्यायला सांगेन. आणि तुमच्याकडे एखाद्या कंपनीच्या ड्रिलच्या बॅटऱ्या असतील, तर त्याच बॅटरीवर चालणारी गन आधी हातात धरून बघा. वजनाचं मात्र गृहीत धरून चला: बॅटरीसकट अडीच ते तीन किलो. हवेवर चालणारी ब्रॅड गन याच्या जवळपास निम्मी असते. डोक्याच्या वरची पट्टी मारताना हा फरक मनगटाला कळतो. पण पाइप नाही, कॉम्प्रेसरचा खडखडाट नाही. दोनच खिळे मारायचे असले तरी गन उचलावीशी वाटते, आणि मला यासाठी वजन मंजूर आहे.

खिळ्याच्या लांबीचा माझा हिशोब साधा आहे: वरच्या तुकड्याच्या जाडीपेक्षा जास्त लांबी खालच्या तुकड्यात गेली पाहिजे. १८ मिमी पट्टीसाठी ५० मिमी घेतला, म्हणजे ३२ मिमी प्लायच्या कडेत उतरला. ६ मिमी बीडिंगला, म्हणजे कडेच्या बारीक पट्टीला, २० मिमी पुरतो.

आता या टप्प्यातला सगळ्यात कामाचा भाग. प्लायची कड १८ मिमीची, त्यात ५० मिमीचा बारीक ब्रॅड सरळ उतरायला हवा. थोडा जरी तिरका वळला तरी फळीच्या पोटातून टोक बाहेर येतं. आता ब्रॅडच्या पट्टीतला एक खिळा सुटा करून भिंगाखाली बघा. टोक सुईसारखं नसतं, दोन्ही बाजूंनी उतार दिलेलं पटाशीसारखं असतं, त्याला एक छोटी धार असते. आत गाठ किंवा कडक रेषा लागली की खिळा त्या धारेच्या आडव्या दिशेला, दोन्हीपैकी एका उताराकडे वळतो. म्हणून मी गन अशी धरतो की धार फळीच्या जाडीच्या दिशेत आडवी येईल. मग खिळा वळलाच तर फळीच्या लांबीत वळतो, लाकडाच्या आतच राहतो. दुसरा फायदा असा की धार लाकडाच्या रेषांना आडवी पडल्याने ती रेषा कापते, पाचर घातल्यासारखी फाकवत नाही. पट्टीच्या टोकाजवळ चीर जाण्याची शक्यता त्यामुळे बरीच कमी होते. तुमच्या गनमध्ये धार कोणत्या बाजूला येते, हे ब्रॅडची पट्टी मॅगझिनमध्ये, म्हणजे गनच्या खिळ्यांच्या खणात, भरताना एकदा बघून ठेवा आणि टाकाऊ तुकड्याच्या कडेत चार-सहा मारून तो तुकडा फोडून पाहा. आतले वळलेले खिळे सगळं सांगतात.

एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाच्या, कडेत मात्र दिशेचा उपयोग होत नाही, तिथे थर उकलून कड फुगते. त्या जागी बारीक पिन किंवा आधी भोक पाडून स्क्रू.

खिळा किती खोल जावा हे ठरवणारं गनवरचं चाक पट्टीच्याच लाकडाच्या तुकड्यावर जुळवलं. खिळ्याचं डोकं पृष्ठभागाच्या एक-दीड मिमी खाली गेलं की पुटी नीट बसते. मधेच एखादं डोकं वर राहिलं तर चाकाला हात लावण्याआधी गन किती दाबून धरली होती ते बघा. फटक्याने गन मागे उसळते, हात सैल असेल तर पाते पूर्ण उतरत नाही. नाकावरची रबरी टोपीही काढू नका. सागावर नाकाचा ठसा उमटला तर तो पॉलिशखाली जास्तच दिसतो.

खिळा अडकला की आधी बॅटरी काढायची, मग मॅगझिन रिकामं करायचं, मगच नाकाची खिटी उघडून पकडीने खिळा ओढायचा. आणि शेवटचे थोडे खिळे उरले की बऱ्याच गनचं नाक दाबलंच जात नाही. रिकामा फटका बसू नये म्हणून केलेली ती सोय आहे, गन बिघडलेली नसते.

सुरक्षेबाबत मी कडक आहे. चष्मा कायम. पट्टी धरणारं बोट खिळ्याच्या लांबीपेक्षा लांब, म्हणजे ५० मिमीच्या ब्रॅडला ते त्याहून जास्तच अंतरावर, कारण वळलेला खिळा आपल्या बाजूनेही बाहेर येऊ शकतो. मोड नेहमी एकेका फटक्याचा: आधी नाक टेकवायचं, मग ट्रिगर. टेकवताक्षणी फटका देणारा मोड फर्निचरला लागत नाही. चालताना बोट ट्रिगरवर नको.

पुढच्या टप्प्यात काचेच्या दरवाज्यांना आतून ८ मिमीच्या गोल पट्ट्या लावायच्या आहेत. तिथे १८ गेजचा ब्रॅड पट्टी चिरतो, म्हणून २३ गेजची पिन गन वापरणार, २५ मिमीच्या पिना घेऊन. पट्टी काचेला टेकलेली असल्याने पिन काचेला समांतर राहील असा लाकडी ठोकळा बनवून गनच्या नाकाखाली ठेवायचा विचार आहे. ठोकळा तयार आहे, त्यावर नमुन्याच्या चौकटीत आधी चाचणी करतो.