मांजराकडून त्रिकोण काढून घेताना

मे महिन्याच्या सुट्टीत सोसायटीतल्या पाचवी-सहावीच्या मुलांना स्क्रॅच, म्हणजे सूचनांचे ठोकळे (ब्लॉक) एकमेकांना जोडून पडद्यावरच्या मांजराला हलवायची मुलांची प्रोग्रामिंग भाषा, शिकवायचं मी कबूल केलं, तेव्हा पालकांच्या डोक्यात गेम होते. मी भूमितीची नक्षी घेतली. गेम करायला घेतला की मुलांचा निम्मा वेळ पात्रांचे कपडे बदलण्यातच जातो. नक्षीत तसं चालत नाही. रेघ जुळली तर जुळली.

तयारी फारशी नाही. स्क्रॅच फुकट आहे आणि लॅपटॉपवर उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. मांजराच्या मागे रेघ उमटवणारे पेनचे ब्लॉक मात्र आधी दिसत नाहीत, खाली डावीकडच्या बटणातून जोडून घ्यावे लागतात.

चौरस सगळ्यांना जमला: १०० पावलं चाल, ९० अंश वळ, असं चार वेळा. मग समभुज त्रिकोण. सगळ्यांनी बेधडक ६० टाकलं, शाळेत तेच शिकवलंय ना! मांजराने तीन रेघा ओढल्या आणि आकृती उघडीच राहिली.

"काकू, मांजर बिघडलंय."

मी काही न सांगता सगळ्यांना खाली पार्किंगमध्ये नेलं. फरशीवर खडूने मोठा त्रिकोण आखला आणि एकाला बाजूवरून चालायला लावलं. कोपऱ्यावर त्याला थांबवलं आणि त्याचं नाक ज्या दिशेला होतं, त्या दिशेने तीच रेघ पुढे वाढवली. "आता दुसऱ्या बाजूकडे तोंड कर. किती वळलास?" कोनमापक लावला तर १२०. एक मुलगी पटकन म्हणाली, "साठ आतला आहे, मांजर बाहेरून वळतंय." बाह्यकोन हा शब्द मी त्यानंतर सांगितला. फेरी पूर्ण करून मुलगा पुन्हा पहिल्या दिशेला तोंड करून उभा राहिला, म्हणजे एकूण ३६० अंश वळला. तीन कोपरे, प्रत्येकी १२०.

ही युक्ती माझी नव्हे. सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली लोगो ही मुलांसाठीची प्रोग्रामिंग भाषा तयार केली. तिच्यात पुढे आलेलं, सूचनांप्रमाणे रेघा ओढणारं कासव असंच चालायचं, आणि अडलं की स्वतः कासव होऊन चालून बघा, असं मुलांना सांगायचे.

वर आल्यावर फसलेलं ६० मी खोडू दिलं नाही. तीनच्या जागी सहा वेळा करून बघा म्हटलं, तर षटकोन! सप्तकोनाला ३६० भागिले ७ नीट जात नाही, म्हणून भागाकाराचा हिरवा ब्लॉकच वळण्याच्या खाचेत बसवला. पण आकृती पडद्याखाली कापली गेली. मग बाजूची लांबीही ५०० भागिले बाजूंची संख्या अशी केली. संख्या वाढवत नेली की बहुभुज गोल होत जातो, आणि ती संख्या न सांगता सगळ्यांनी शंभरापर्यंत नेलीच. चौरस १०-१० अंशांनी वळवत ३६ वेळा काढला, तेव्हा संस्कारभारतीच्या रांगोळीसारखं फूल उमटलं. रंग बदलायचा ब्लॉक मी तोवर मुद्दाम दाखवला नव्हता.

चांदणीचं मुलांनीच काढलं. पाच टोकांना ७२ दिलं तर पंचकोन येतो. १४४ दिलं तर मांजर दोन फेऱ्या मारतं, ७२० भागिले पाच. सात टोकांनाही हेच चाललं. सहाला मात्र ७२० भागिले सहा म्हणजे पुन्हा १२०, आणि मांजर एकाच त्रिकोणावर दोनदा फिरलं. शेवटी पेन उचलून, मांजर हलवून दुसरा त्रिकोण उलटा काढावा लागला. मांजर नेमकं कुठे हलवायचं, यावरच त्या दिवशी जेवायची वेळ टळली.