पांढऱ्या मांजरीचे कान

मी शाईने मांजरं रंगवते. चिनी-जपानी पद्धत: काळी शाई, मोजके फटकारे, बाकी कोरा कागद. बहुतेक चित्रं फोटोवरूनच होतात. त्या दिवशी मात्र एक काकू टोपलीतून मांजरीलाच घेऊन आल्या. पांढरीशुभ्र, निळ्या डोळ्यांची.

पांढरं मांजर अवघड, कारण या चित्रात पांढरा रंग वापरत नाहीत. पांढरं म्हणजे कागदच. काळ्या मांजराची पाठ भरल्या कुंचल्याच्या एका फटकाऱ्यात होते. पांढऱ्याच्या बाबतीत मांजर सोडून आजूबाजूची हवा रंगवावी लागते. आणि चीनमधला शुआन कागद, झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांच्या लगद्याचा, पाण्याचा थेंब पडला की लगेच पितो. तुरटी-सरसाचा हात न दिलेल्या कागदावर शाई फुटते आणि एकदा फुटली की खोडायची सोय नाही.

सहाणेवर कांडी उगाळली. काजळी आणि सरसाची ही कांडी घाईने उगाळली तर शाई खरखरीत होते. मग शेळीच्या केसांच्या मऊ कुंचल्याने फिकट शाईचा हात भोवती फिरवला, मधे मांजर सोडली. शेवटी ताठ केसांच्या कुंचल्याने कान, दोन झटक्यांत. एक समोर, एक आवाजाच्या दिशेने वळलेला. माझ्या मांजरांचे कान असेच असतात, लोकांना तेच आवडतात.

काकूंनी चित्र बराच वेळ पाहिलं. "छान आहे. पण हिचे कान असे नसतात," त्या म्हणाल्या. "ही जन्मापासून ऐकत नाही."

निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजरांत बहिरेपण बरंच आढळतं. रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानापर्यंत पोचत नाहीत आणि जन्मानंतर काही आठवड्यांतच ऐकण्याचा अवयव झडतो. हे मला माहीत होतं, तरी मी तिच्याकडे पाहून माझ्या सवयीचाच कान काढला होता. मला फार वाईट वाटलं.

मी कुंचले धुतले आणि जमिनीवर बसले. ताकेउची सेइहो या जपानी चित्रकाराला एक मांजर इतकं भावलं, की त्याने ते घरी आणलं, निरखत राहिला आणि मग १९२४ साली त्याचं प्रसिद्ध चित्र केलं. त्याचं काम केसन् केस रंगवणारं, माझ्या वाटेचं नव्हे. पण कमी रेघांत काम करायचं तर आधी पाहणं अधिकच हवं. एकच रेघ असेल आणि तीच खोटी निघाली, तर चित्रात उरतं काय?

मागे झाकण पडलं. कान हलले नाहीत. मी उठून चार पावलं चालले, तर मान लगेच वळली. पंजे फरशीवर सपाट पसरलेले, हनुवटीही टेकलेली. इतर मांजरं कानांनी करतात ते ती पंजांनी करत होती.

सात कागद वाया गेले. एकात भोवतीची शाई अंगात शिरली, दोनात पाठ ताठ झाली, बाकीच्यांत मीच घाबरलेली दिसत होते. आठव्यात कानांना कुंचला लावलाच नाही. फिकट शाईतून दोन टोकं सुटली तेवढीच. सगळ्यात गडद शाई पंजांच्या खाली गेली, बोटाएवढी एक आडवी रेघ, कडेला सुकत तुटलेली.

काकूंनी वाकून पाहिलं. काही बोलल्या नाहीत. मग टाचेने फरशीवर हलकेच दोनदा ठोकलं, घरी त्या तिला अशीच हाक मारतात. खिडकीखाली झोपलेली मांजर उठली आणि सरळ त्यांच्याकडे आली.