फोन ठेवल्यानंतरचं तोंड

आमची साडेतीन वर्षांची कन्या परवा कंगवा कानाला लावून घरभर येरझाऱ्या घालत होती. "हो हो... नक्की... बघतो ना मी..." मुलगी असून 'बघतो'! नक्कल कोणाची चाललीय हे उघडच होतं, त्यामुळे मीही कौतुकानं बघत उभा. मग तिनं अगदी गोड आवाजात "चला, ठेवतो" म्हटलं, कंगवा खाली घेतला आणि तोंड असं काही वाकडं केलं, की माझं हसू जागच्या जागी विरलं.

फोन ठेवल्यावर मी हे असं तोंड करतो, याचा मला पत्ताच नव्हता. बायकोला होता म्हणे.

चपला जागेवर ठेव, हे शंभरदा सांगून कानात शिरत नाही. न सांगितलेलं मात्र असं हुबेहूब उतरतं. आणि पोरं नेमकं बिनकामाचंच उचलतात असं वाटत असेल, तर ते अगदीच खोटं नाही. 2005 साली हॉर्नर आणि व्हायटन या संशोधकांनी चिंपांझींना आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना पेटीतून बक्षीस काढून दाखवलं. त्यात मुद्दाम काही फालतू टप्पे घातले होते. पेटी पारदर्शक केल्यावर चिंपांझींनी ते फालतू टप्पे सरळ गाळले. मुलांनी मात्र सगळं साग्रसंगीत केलं. मोठा माणूस करतोय म्हणजे त्याला काही अर्थ असणारच, हा केवढा विश्वास! (आणि नकलेवरून नावं आपण माकडांना ठेवतो.)

बरं, पोर नक्कल करत नाही म्हणजे सुटलो, असंही नाही. बाहुल्याला बडवणाऱ्या मोठ्या माणसाला त्याबद्दल ओरडा बसतो, अशी फिल्म मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी काही मुलांना दाखवली होती. त्याचा शोधनिबंध 1965 चा. ती मुलं नंतर बाहुल्याशी बरीच बेतानं वागली. पण 'काय पाहिलंस ते करून दाखव, बक्षीस देतो' म्हटल्यावर त्यांनीही, ओरडा नसलेली फिल्म पाहिलेल्या मुलांइतकंच करून दाखवलं. शिकून झालेलं होतंच, फक्त बाहेर आलं नव्हतं.

तेव्हापासून मी फोन ठेवला की चेहरा कोरा ठेवतो. काल असाच एक लांबलेला फोन ठेवला, मोठ्या निग्रहानं काहीही केलं नाही. कन्या समोर उभी राहून वाट बघत होती. शेवटी म्हणाली,

"बाबा, तोंड राहिलं."