आमची वाटचाल : बादलीभर पाणी

वडिलांचा लातुरात मंडप आणि भोंग्यांचा धंदा. लग्नं, सप्ताह, भीमजयंती, प्रचारसभा. मला वेड गाण्याच्या कार्यक्रमांचं. संभाजीनगरच्या सोनेरी महालात वेरूळ-अजिंठा महोत्सव बघायला गेलो की सगळे स्टेजकडे बघायचे, मी मागं आवाजाच्या कन्सोलवर बसलेल्या माणसाकडे.

आधी सामानच घ्यायचं होतं. हिशेब मांडला तेव्हा कळलं, स्टेजशेजारी टांगतात त्या स्पीकरांच्या माळेचं, म्हणजे लाइन अ‍ॅरेचं कर्ज फेडता फेडता म्हातारा होईन. पुण्या-मुंबईच्या कंपन्या ट्रक भरून इकडे यायच्या, पण सोबत माणसं मोजकी. त्यांना इथली पोरं लागायची. ट्रस, म्हणजे स्टेजचा सांगाडा, जोडणारी, स्पीकर चढवणारी. आम्ही तेच धरलं: माणसं पुरवायची आणि लायटीची, म्हणजे वीजपुरवठ्याची, जबाबदारी घ्यायची. सामान पुढं थोडं थोडं येत गेलं.

नवीन पोराला पहिला महिनाभर केबल गुंडाळायचंच काम. एक वेढा सरळ, एक उलटा. कोपराला अडकवून दोरीसारखी गुंडाळली की पीळ बसतो, आतली तार तुटते आणि ऐन आलापात माइक खरखरतो.

सगळ्यात महाग धडा एका तालुक्याच्या गावी मिळाला. जनरेटरच्या पॅनेलवर न्यूट्रलचा, म्हणजे वीज परतीच्या तारेचा, नट ढिला राहिला. चूक आमचीच. न्यूट्रल सुटली की ज्या फेजवर लोड कमी, तिथलं व्होल्टेज २३० वरून ४०० च्या दिशेनं चढतं. दोन अ‍ॅम्प्लिफायर गेले, कीबोर्डवाल्याचा अ‍ॅडॉप्टर हातात वितळला. भरपाई दिली. तेव्हापासून तिन्ही फेज मीटरनं मोजून आकडे पॅनेलच्या दारावर खडूनं लिहिल्याशिवाय कुणी प्लग लावत नाही.

२०२० मध्ये सगळं थांबलं. गोदाम सोयाबीनच्या पोत्यांना भाड्यानं दिलं, पोरांनी भाजीचे गाडे लावले. बहुतेक परत आली. आता एक नियम पक्का आहे: रात्रभर सामान उतरवलेला माणूस पहाटे स्टिअरिंगवर बसणार नाही. आयोजकाला वेगळ्या ड्रायव्हरचा हा खर्च पटत नाही. कलाकाराचं मानधन तो स्टेजवर चढायच्या आधी मिळतं, आमचं बिल मात्र ‘बघू, दिवाळीनंतर’.

पण खरं सांगायचं तर या भागात आमचं भांडण जमिनीशी आहे. काळी माती पावसात फुगते, स्टेजचे पाय खाली जातात. उन्हाळ्यात कोरडी पडून भेगाळते आणि अर्थिंग, म्हणजे गळती वीज जमिनीत उतरवणारी जोडणी, धरत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं तेव्हा, एका छोट्या कार्यक्रमात गायकासमोरच्या मॉनिटर स्पीकरमधून विजेची ५० हर्ट्झची गुणगुण थांबेना. गायकाच्या ओठाला माइक चटका द्यायला लागला. अर्थिंगचा रॉड ठोकला होता, खड्ड्यात मीठ-कोळसाही टाकला होता. नव्हतं ते फक्त पाणी. एका पोरानं कुठून तरी बादली आणली. शेजारच्या ओट्यावरची म्हातारी उठून आली. ‘आरं, माणसाला प्यायला नाही अन् मातीत ओतायलास का?’

उत्तर नव्हतं. पोरानं बादली खाली ठेवली. मग जेवणाची भांडी धुतलेलं पाणी मागून आणलं, ते खड्ड्यात ओतलं, गुणगुण उतरली.

तेव्हापासून आमच्या गाडीत स्टेपनीशेजारी सांडपाण्याचा कॅन असतो. त्यावर कुण्या पोरानं लिहून ठेवलंय, ‘पिऊ नये. जमिनीचं आहे.’