आमच्यातल्या काहींना

बुधवार, रात्री साडेअकरा

‘आणि प्रभू, आमच्यातल्या काहींना तुझ्या वेळेचं भान दे.’

बारा मिनिटं. साडेसातची प्रार्थना आणि मी पोचले सात बेचाळीसला. सगळ्यांचे डोळे मिटलेले. दाराशी चपला काढल्याचा तेवढा आवाज झाला असेल. मावशींच्या मध्यस्थीत, म्हणजे इतरांसाठी मोठ्याने करायच्या प्रार्थनेत, हे वाक्य आलं, आजाऱ्यांनंतर आणि परीक्षेला बसलेल्या मुलांच्या आधी. भांडी घासून झाली, ओटा पुसून झाला, वाक्य काही जात नाही. दिवसभर राबायचं, धावतपळत पोचायचं आणि वर देवाकडे तक्रार! मावशींच्या घरापासून सभेची जागा किती लांब, आमच्याकडून किती… जाऊ दे.

समोरासमोर बोलल्या असत्या तर उत्तर दिलं असतं. प्रार्थनेला काय उत्तर देणार? त्या देवाशी बोलत होत्या, मी शेवटी ‘आमेन’ म्हणायचं. म्हटलंही.

मोठ्याने प्रार्थना करणाऱ्याची इथेच फसगत होते. मराठीत प्रार्थना ‘आम्ही’मध्ये होते, कारण ‘आपण’ म्हटलं की ज्याच्याशी बोलतोय तोही त्यात येतो. देवाला ‘आपण चुकलो’ कसं म्हणणार? म्हणून कुणाच्या प्रार्थनेत ‘आपण सर्वांनी असं करायला हवं’ आलं, की खुशाल समजावं, प्रार्थना थांबली आणि प्रवचन सुरू झालं. हे तरी लगेच कळतं. ‘आमच्यातल्या काहींना’ कळत नाही. व्याकरण अगदी शुद्ध, आणि बोलणारी व्यक्ती त्या ‘काहीं’मध्ये कधीच नसते.

मग बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान काढलं. अध्याय 18, ओव्या 9 ते 14. येशूचा दृष्टान्त, परूशी आणि जकातदार. दोघं मंदिरात प्रार्थनेला जातात. धर्मनियम काटेकोर पाळणारा परूशी आपण इतरांसारखे नाही म्हणून देवाचे आभार मानतो; कर गोळा करणारा, पापी समजला जाणारा जकातदार लांब उभा राहून छाती बडवत ‘मज पाप्यावर दया कर’ एवढंच म्हणतो, आणि देवापुढे तोच नीतिमान ठरतो. पाठ असलेला उतारा वाचताना डोळा भराभर पुढे सरकतो, म्हणून आज शब्द मोजत बसले.

परूशी खोटं बोलत नाही, हे आपण नेहमी विसरतो. मोशेच्या नियमशास्त्रात सगळ्यांनी मिळून करायचा उपास वर्षातून एकदाच, प्रायश्चित्ताच्या दिवशी. हा आठवड्यातून दोनदा करतो. दशांश, म्हणजे देवाला द्यायचा दहावा हिस्सा, मुख्यतः शेताच्या पिकाचा, धान्य, द्राक्षारस, तेल यांचा. हा जे मिळेल त्या सगळ्याचा देतो. उभा राहतो म्हणून गर्विष्ठ, असंही नाही. प्रार्थना उभ्यानेच करायची रीत होती, जकातदारही उभाच आहे. आणि सुरुवात तर उपकारस्तुतीने! आमच्या सभेत असा माणूस आला तर पुढच्या वर्षी पंचकमिटीवर घेतील.

मूळ ग्रीकमध्ये त्याच्या प्रार्थनेत प्रथमपुरुषी क्रियापदं पाच: आभार मानतो, नाही आहे, उपास करतो, दशांश देतो, मिळवतो. कर्ता पाचही वेळा तोच. मागणं एकही नाही. जकातदाराचे सगळे मिळून शब्द सहा आणि क्रियापद एक, त्याचा कर्ता देव. ‘दया कर’ असं आपण वाचतो, पण हे क्रियापद नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी येतं, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात (2:17), आणि तिथे विषय पापांच्या प्रायश्चित्ताचा आहे. म्हणजे तो नुसती कणव मागत नाही, मंदिरात जे अर्पण होतंय ते मलाही लागू पडू दे म्हणतो.

पण मी अडकले ती ‘ह्या’वर. ‘ह्या जकातदारासारखाही मी नाही.’ ‘ह्या’ म्हणायला डोळे उघडे लागतात. प्रार्थना चालू असताना त्याने मागे वळून पाहिलं असणार. आम्ही डोळे मिटून बसतो, म्हणून आम्हाला ‘ह्या’ म्हणता येत नाही. आम्ही ‘काही’ म्हणतो.

हे मावशींपुरतं नाही. डिडाखे नावाची एक फार जुनी ख्रिस्ती पुस्तिका आहे, पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची. तिच्यात सांगितलंय, ढोंग्यांबरोबर उपास करू नका, ते सोमवारी आणि गुरुवारी करतात; तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा. झालं! उपास दोनच राहिले, फक्त वार बदलले, आणि ‘त्यांच्यासारखे आम्ही नाही’ हे लेखी आलं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मंडळींना हा धोका कळला असावा. ईस्टरच्या दहा आठवडे आधीच्या रविवारी ते हाच उतारा वाचतात, आणि पुढच्या आठवड्यात बुधवार-शुक्रवारचे उपास मुद्दाम सोडतात, परूशासारखी उपासाची फुशारकी नको म्हणून. मला हे फार आवडलं. ‘यंदा आम्ही उपास केला नाही’ असं नम्रपणे सांगत हिंडणारा कुणीतरी तिथेही असेलच म्हणा.

325 साली नायसीयाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने विसाव्या नियमात ठरवलं की रविवारी आणि पेंटेकॉस्टच्या, म्हणजे ईस्टरपासूनच्या पन्नास, दिवसांत प्रार्थना उभ्याने करायची, गुडघे टेकायचे नाहीत. नियमाची सुरुवात कशी? ‘काही जण रविवारी गुडघे टेकतात म्हणून…’ तिथेही काही! वाचून हसूच आलं.

आता खरं लिहिते. मावशींनंतर प्रार्थनेची पाळी माझ्या बाजूला सरकत होती आणि मी वाक्य जुळवत होते. ‘प्रभू, मी अयोग्य, मी उशिरा येणारी, माझ्यावर दया कर.’ शब्द सगळे जकातदाराचे. आवाज किती खाली ठेवायचा, ‘उशिरा’नंतर किती थांबायचं, तेसुद्धा ठरलं होतं. मावशींना लागावं एवढाच हेतू. हिप्पोचा जुना बिशप ऑगस्टीन, त्याने जकातदारासारखी छाती बडवून घेणाऱ्यांना सुनावलं होतं, पाप न सोडता छाती बडवणं म्हणजे पापाची फरसबंदी करणं. आमच्याकडे अंगण चोपतात तसं. चोपलं की जमीन मऊ होत नाही, घट्ट बसते.

माझी पाळी आलीच नाही. वेळ झाली म्हणून पाळकसाहेबांनी प्रभूची प्रार्थना, येशूने शिकवलेली, सुरू केली. त्यात ‘मी’ कुठेच नाही, सगळं ‘आम्ही’, आणि ‘काही’ घुसवायला जागाच नाही. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे.’ सोडले आहे. सोडू असं नाही, सोडायचा प्रयत्न करू असंही नाही. मावशींचा आवाज माझ्या डाव्या कानाशी होता. मी ती ओळ सगळ्यांबरोबर म्हटली, जरा पुटपुटत.

चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, ‘बस मिळाली नाही का गं?’ अगदी साधेपणाने. म्हणजे वाक्य माझ्यासाठी नव्हतंच का? की होतं, आणि म्हणून टाकल्यावर त्यांना हलकं वाटलं? विचारणार कोण.

पुढच्या बुधवारी प्रार्थना आमच्याकडे आहे. खुर्च्या शेजारून आणायच्यात, दूध दीड लिटर जास्त सांगायचंय. उशीर करायचं मनात आणलं तरी जमणार नाही.