ईमच्या दफननोंदी वाचताना

शेफील्डला राहायला आल्यापासून जवळच्या ईम गावाची गोष्ट ऐकत होते. १६६५ साली लंडनहून तिथल्या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला आणि त्यासोबत प्लेग. पुढच्या जूनमध्ये रेक्टर विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे पाद्री थॉमस स्टॅन्ली यांच्या सांगण्यावरून गावाने ठरवलं, कोणीही वेस ओलांडायची नाही. आजीकडून मी ऐकलं होतं ते नेमकं उलट: प्लेग आला की गाव सोडायचं, माळावर झोपड्या घालायच्या. त्यामुळे जागेवर थांबलेली ही माणसं मला नोंदींत बघायचीच होती.

डर्बीशर काउंटीचा दप्तरखाना मॅटलॉकला आहे. आत फक्त पेन्सिल न्यायची. १५३८ पासून इंग्लंडमध्ये प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीला, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद सक्तीची झाली, त्यामुळे कुठल्याही लहान गावाचा इतिहास शोधायचा तर सुरुवात इथूनच.

मला सगळ्यात जास्त तारखांनी दमवलं. तेव्हा तिकडे नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, आपल्या पाडव्याच्या सुमारास. म्हणजे त्या काळचा जानेवारी १६६५ हा आपला जानेवारी १६६६. हे ठाऊक नसेल तर प्लेग यायच्या आधीच माणसं प्लेगने गेलेली दिसतात! मी वहीत दोन्ही वर्षं शेजारी शेजारी मांडली, तेव्हा कुठे ओळ लागली.

पहिलं नाव जॉर्ज व्हिकर्स, शिंप्याचा मदतनीस, ७ सप्टेंबर १६६५. मग एकेका आडनावाची रांगच. ऑगस्ट १६६६ मध्ये हॅनकॉक: ३ तारखेपासून १० पर्यंत सात जण. पेन्सिल खाली ठेवून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले.

पुढच्या रविवारी गावात गेले. सीमेवरच्या दगडाला भोकं आहेत. त्यांत व्हिनेगर ओतून नाणी ठेवायची आणि बाहेरच्यांनी धान्य ठेवून जायचं. तिथून रायलीला चढले. मोकळ्या शेतात गोल दगडी कुंपण, आत हॅनकॉक कुटुंबाची थडगी. स्मशानात पुरणं तेव्हा बंद झालं होतं, ज्याने त्याने आपली माणसं आपल्या रानात पुरायची.

यादीतली एलिझाबेथ हॅनकॉक म्हणजे आई, असं मी धरून चालले होते. ती मुलगी निघाली. आईचं नावही एलिझाबेथच, पण ती जगली. नवरा आणि सहा मुलं, सगळ्यांना तिनेच पुरलं.

मी तिथेच वही काढली आणि ‘आई’ खोडून ‘मुलगी’ लिहिलं.